मोबाईलचं लाइट मीटर, काकांचा याशिका आणि कापूस: माझं गणित कुठं चुकलं?

पऱ्हाटीवाला | रविवार, रात्री ९:१२

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. काकांचा तालुक्याला फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आलं, मग मोबाईल आला, दुकान बंद झालं. आता तिथे रिचार्ज अन् झेरॉक्स आहे. दिवाळीच्या सफाईत माळ्यावरच्या पेटीत त्यांचा याशिका डी सापडला. दोन भिंगांचा, वरून खाली वाकून पाहायचा, १२० चा रोल लागतो, रोलमध्ये बारा फोटो. शटर खटकन वाजलं आणि माझं डोकं फिरलं.

या कॅमेऱ्यात मीटरच नाही. काकांना विचारलं तुम्ही उजेड कसा मोजायचे, तर म्हणाले, "मोजाले का तो कापूस हाये का बापा? सावली पाह्यची अन् दाबाचं." एवढ्यावर शिक्षण संपलं.

मग मोबाईलमध्ये लाइट मीटरचं अ‍ॅप टाकलं. कॅमेऱ्यातून समोरचं चित्र दिसतं, रोलचा आयएसओ (उजेड टिपायची ताकद) सांगायचा, अ‍ॅपर्चर (भिंगाचं भोक, आकडा मोठा तर भोक लहान) निवडलं की शटर किती वेळ उघडायचं ते तो सांगतो. एचपी५ चा काळा-पांढरा ४०० चा रोल मागवला आणि न्हाणीघरात घरीच धुतला. आता निकाल ऐका.

कापूस वेचणाऱ्या बाया, सकाळी नऊ-साडेनऊ. अ‍ॅपने एफ/१६ ला १/५०० सांगितलं. आभाळ आणि कापूस झकास, पण चेहरे गायब. पदराखाली नुसतं काळं. निगेटिव्हवर त्या जागी काचेसारखं स्वच्छ.

ओसरीतला कापसाचा ढीग. प्रिंटमध्ये राख वाटते राख.

नांगरलेल्या काळ्या रानात शेजाऱ्याची पांढरी बैलजोडी. इथे उलटंच. निगेटिव्ह कोळशासारखं गच्च, माती करडी आली आणि बैल म्हणजे दोन पांढरे डाग.

पारावर बसलेली म्हातारी माणसं, संध्याकाळी, एफ/३.५ ला १/१५. हललेलं आणि तेही गच्च.

बारातले पाच बरे आहेत. पण ते का बरे आले हेही मला माहीत नाही, हे जास्त टोचतं. अ‍ॅप खोटं बोलतं की मी चुकलो? रोल काही फुकट येत नाही. वेचणीच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढा एक पडतो आणि घरी हिशेब मागतात.

सदाशिव_नव्हे | रविवार, रात्री ९:४०

हातात १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा धरून त्यानं उजेड मोजायचा आणि फोटो दुसऱ्याच डब्यानं काढायचा. विदर्भात ऊन जास्त असतं ऐकलं होतं, आज पुरावा मिळाला. :)

अकोल्याचा_गज्या | रविवार, रात्री ९:५५

@सदाशिव_नव्हे, तुमच्याकडे दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवता, आमच्याकडे त्याच वेळात उजेड मोजतो. ज्याचा त्याचा छंद.

पऱ्हाटीवाला भाऊ, फोटो टाका नं इथं. नुसतं वाचून तोंडाला पाणी सुटून राहिलं.

अंधारखोली | रविवार, रात्री ११:०५

भाऊ, अ‍ॅप खोटं बोललं नाही आणि तुम्हीही फार चुकला नाहीत. तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारलात. मी वर्ध्याची, पंधराएक वर्षं काळं-पांढरं घरीच धुते, हे सगळे रोल मीही वाया घालवलेले आहेत.

समोरून परत येणारा उजेड मोजणारं कुठलंही मीटर, दोनशे रुपयांचं असो की तीस हजारांचं, एकच गोष्ट धरून चालतं: समोर जे काही आहे ते मधल्या करड्या रंगाचं आहे. साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं. समोर कापूस आहे हे त्याला कळत नाही. खूप उजेड येतोय बुवा, म्हणजे ऊन कडक असणार असं समजून ते उजेड कमी घ्यायला सांगतं. कापूस करडा होतो. तुमची राख ती हीच. काळ्या मातीचं नेमकं उलटं. उजेड कमी येतोय म्हणून मीटर भोक मोठं करायला सांगतं, माती करडी होते आणि तिच्यावर उभे असलेले पांढरे बैल जास्त उजेडाने नुसते डाग होतात.

म्हणजे आपल्या भागात मीटरला फसवायच्या दोन्ही वस्तू एकाच धुऱ्यावर उभ्या आहेत. पांढरा कापूस, काळी माती. फोटोग्राफीची पुस्तकं बर्फावर प्रकरणं लिहितात, आपण तिथे कापूस वाचायचा. ढीगभर कापसाने पडदा भरला असेल तर मीटर सांगेल त्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप उघडा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). नुसती काळी माती असेल तर दीड-दोन स्टॉप बंद करा.

आता बायांचा फोटो. फोनचं मुख्य भिंग फार रुंद असतं, ३५ एमएमच्या हिशेबात २४ ते २८ च्या आसपास. तुमच्या याशिकाचं ८० एमएमचं भिंग ६ बाय ६ सेंमीच्या फ्रेमवर त्याच हिशेबात ४४-४५ सारखं बघतं. म्हणजे फोनने तुमच्या फोटोत नसलेलं आभाळही मोजलं. अ‍ॅपमध्ये साधारण १.७ पट झूम करा, तेवढ्याने बराच फरक पडेल. पण खरा उपाय म्हणजे सरासरी बंद करून स्पॉट (एकाच ठिपक्याचा उजेड मोजणं) लावा आणि चेहऱ्यावर बोट ठेवा. जवळ जाऊन मोजा, मग मागे येऊन काढा. पदराच्या सावलीतला चेहरा उन्हापेक्षा सहज तीन स्टॉप खाली असतो. तुमच्या आकड्यावरून सांगते, तो फोटो एफ/८ ला १/२५० वर हवा होता.

एक आणखी. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की चेहऱ्यावर मोजलं तर एक स्टॉप उघडा. ते त्यांच्या गोऱ्या कातडीचं गणित आहे. आपल्याकडे उन्हात रापलेल्या चेहऱ्याला मीटर म्हणेल ते तसंच ठेवा. हे मला कुणी सांगितलं नाही, पाच-सहा रोल गेल्यावर कळलं.

शंका आली तर निगेटिव्ह फिल्मला उजेड जास्त द्या. एचपी५ दोन स्टॉप जास्त खाऊनही प्रिंट देते. कमी दिला तर सावलीत काही उमटतच नाही, आणि न उमटलेलं कुठल्याही डेव्हलपरने (रोल धुवायच्या रसायनाने) बाहेर येत नाही. स्लाइड फिल्मचं (जिच्यावर थेट सुलटं चित्र येतं) उलट आहे, ती अर्ध्या स्टॉपवर रुसते.

पारावरचा फोटो मात्र मला दुसऱ्याच कारणाचा वाटतो. १/१५ हातात धरून हलणारच, पण गच्च, म्हणजे उजेड जास्त, का? तिथे शटरवर संशय आहे. तपासायची युक्ती उद्या लिहिते, लाइट जायच्या बेतात आहे.

लक्सकाका | सोमवार, सकाळी ६:२०

अंधारखोलीताईंनी परतीच्या उजेडाचं छान सांगितलं. मी पडणाऱ्या उजेडाची बाजू मांडतो. अमरावतीला तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, खोड जात नाही.

कापूस पांढरा की माती काळी हा घोळ टाळायचा सोपा मार्ग म्हणजे वस्तूकडे न बघता वस्तूवर किती उजेड पडतो ते मोजायचं. बहुतेक अँड्रॉइड फोनना वरच्या कडेला, कान लावतो तिथे, उजेडाचा एक बारीकसा सेन्सर असतो. ऊन वाढलं की पडदा आपोआप उजळ होतो तो याच्यामुळे. काही अ‍ॅप याच सेन्सरचा आकडा लक्समध्ये (पडणाऱ्या उजेडाचं माप) दाखवतात. आयफोनवाल्यांनी इकडे वेळ घालवू नये, तो सेन्सर अ‍ॅपला वाचायला मिळत नाही, तिथे कॅमेऱ्यावरच भागवायचं.

गणित असं. आयएसओ १००, एफ/१, एक सेकंद याला ईव्ही (एक्स्पोजर व्हॅल्यू) शून्य म्हणतात. नेहमीच्या हिशेबात अडीच लक्स म्हणजे ईव्ही शून्य. पुढे उजेड दुप्पट झाला की ईव्ही एकाने वाढतो. पाच लक्सला एक, दहाला दोन, असं करत १०,२४० लक्सला १२ आणि ८१,९२० लक्सला १५. हा पंधरा म्हणजे भर उन्हाचा आकडा. तुमच्या काकांचं सावलीचं शास्त्र आणि हे गणित इथेच भेटतात: भर उन्हात एफ/१६ आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ.

मोजायचं कसं? ज्याचा फोटो काढायचा त्याच्यापाशी जा, फोनचा पडदा कॅमेऱ्याच्या दिशेला करा आणि आकडा घ्या. पडदा आकाशाकडे करू नका. सूर्याकडे तर मुळीच नको.

आता या सेन्सरचे रोग. स्वस्त फोनमध्ये तो अगदी ठोकळ असतो, काहींत नसतोच. नव्या फोनमध्ये तो पडद्याखाली गेला आहे, तो भरवशाचा नाही. काही भर उन्हात एका आकड्यावर जाऊन बसतात आणि तिथून हलत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी निरभ्र दुपारी अंगणात उभं राहून बघा. ऐंशी हजार ते लाखाच्या घरात आकडा आला तर ठीक. तीस हजारावरच थांबला तर तो सेन्सर सावलीपुरता वापरा, उन्हासाठी काकांना विचारा.

ढगफुटी | सोमवार, सकाळी ९:४५

मी पुसदची, कॉलेजला आहे. मामाचा पेंटॅक्स के१००० मिळालाय, त्यात मीटरची सुई आहे. पण सुई आणि फोन यांच्यात एक स्टॉपचा फरक येतो. कोणाचं ऐकू?

दुसरं, त्याचा सेल महिन्याभरात संपतो. हे नॉर्मल आहे का?

अंधारखोली | सोमवार, दुपारी १:३०

@ढगफुटी, के१००० ला मीटर बंद करायचं बटणच नाही. भिंगावर झाकण नसेल तर ते चालूच राहतं आणि सेल पीत राहतं. काढून झालं की झाकण लाव. तेवढ्याने एक सेल फार दिवस पुरतो.

फरकाचं म्हणशील तर आधी दोघांना एकच गोष्ट दाखव. कोरी, सावलीतली भिंत घे, दोघांनीही नुसती भिंतच बघितली पाहिजे. तरीही एक स्टॉप फरक आला आणि रोज तेवढाच येत असेल, तर दोघांतला एक नेमाने चुकतोय. तो कोण हे शोधायला एखाद्याचा डिजिटल कॅमेरा तासभर मागून आण. अ‍ॅपमध्ये तेवढा फरक कायमचा भरून ठेवायची सोय असते. रोज बदलणारा फरक असेल तर मात्र मोजण्याची पद्धत बदल.

आता @पऱ्हाटीवाला, शटरची युक्ती. तुमच्या फोनमध्ये स्लो मोशन असेल, सेकंदाला २४० चित्रांचं. कॅमेरा रिकामा करा, मागचं दार उघडा, भिंग खिडकीकडे करून ठेवा. मागून फोन लावून स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि शटर दाबा. नंतर एक-एक चित्र पुढे सरकवत किती चित्रांत उजेड दिसला ते मोजा. १/१५ बरोबर असेल तर १६ चित्रं, १/३० ला ८, १/६० ला ४. १/१२५ च्या वर ही युक्ती चालत नाही, फोन तेवढा वेगवान नाही.

पऱ्हाटीवाला | सोमवार, रात्री ८:१५

ताई, पाय कुठे आहेत तुमचे?

१/६० ला चार-पाच चित्रं. १/३० ला दहा. आणि १/१५ ला तब्बल २७! म्हणजे १/१५ म्हणून मी १/९ देत होतो. पाच-सहा वेळा केलं, पहिल्यांदा ३१ आली, मग २७ वर स्थिरावलं. जुनं तेल घट्ट झालं असावं. काकांना चित्रण दाखवलं तर म्हणाले, "मले माहीत व्हतं, मी तो आकडा वापरतच नव्हतो." आधी सांगायचं नं, काका!

दुसरं, सेन्सर. माझ्या फोनचा आकडा अंगणात ३२ हजारावर जाऊन बसतो आणि हलत नाही. लक्सकाका, तुमच्या रोगांच्या यादीतलाच निघाला.

लक्सकाका | मंगळवार, सकाळी ६:०५

उपाय आहे. औषधाच्या बाटलीचं पांढरं प्लास्टिकचं झाकण सेन्सरवर धरा. त्यातून साधारण एक-दोन स्टॉप उजेड अडेल आणि आकडा पुन्हा हलायला लागेल. झाकणाने किती अडवलं ते सावलीत मोजा, जिथे सेन्सर अजून अडकलेला नाही: एकदा झाकणाशिवाय, एकदा झाकणासह. तो फरक कायम मिळवायचा. झाकणाचा आणखी एक फायदा, बाजूने येणारा उजेडही त्यात गोळा होतो. टेबल टेनिसचा अर्धा चेंडू तर उत्तमच, पण तो गावात कुठला मिळायचा. आणि झाकण बदललं की मोजणी पुन्हा.

अकोल्याचा_गज्या | मंगळवार, सकाळी ८:३०

म्हणजे खोकल्याचं औषध घेतल्याशिवाय फोटो निघत नाही. बरं झालं कळलं.

झाडीपट्टीकर | मंगळवार, रात्री १०:५०

मी वडसा, देसाईगंजचा. आमच्याकडं दिवाळी झाली का नाटकं सुरू होते, होळीपर्यंत. रातभर चालते. मी दरसाल दोन-तीन रोल काढतो तिथं. फोनचं मीटर सगळ्यात जास्त मले तिथंच कामी आलं, म्हणून सांगतो.

मंडपात आजूबाजूले मिच्च काळोख, मंचावर हॅलोजन. फोन पूर्ण मंडप पाह्यते अन् म्हणते काळोख आहे बे, उघड. तसं केलं तर नटीचा चेहरा खडूसारखा पांढरा येते. म्हणून झूम करून नटीच्या गालावर बोट ठेवाचं. माझ्याकडं बहुतेक वेळा ईव्ही सातच्या आसपास आकडा येते, म्हणजे ४०० च्या रोलले एफ/२.८ वर १/६०. नट हलते, म्हणून रोल १६०० धरून काढतो अन् जास्त वेळ धुतो. तेव्हा १/२५० मिळते. सावल्या काळ्या होते पण नाटकाले ते शोभते.

पह्यल्या अंकात तीन-चार जागेवर आकडे घ्याचे, मधात उभा असतानाचा, कडेचा, गाण्याचा, अन् वहीत लिहून ठेवाचे. मग फोन खिशात. मंडपात पडदा चमकला का मागचे पोट्टे बोंबलते. दिवे तेच राहते, रातभर बदलत नाही.

अन् एक, मेकअप लय पांढरा राह्यते तिथं. त्याच्यावर मोजलं तर एक स्टॉप उघडाचं. ताई म्हणते तो रापलेला चेहरा मंचावर नसते.

अंधारखोली | मंगळवार, रात्री ११:२०

मेकअपचं एकदम बरोबर. हे मला सुचलं नसतं.

पऱ्हाटीवाला, मीटरला दाखवायचं मधल्या करड्या रंगाचं कार्ड विकत घेण्यापेक्षा तळहात वापरा. फोटोतल्याच उजेडात धरायचा, पडदा भरेल इतका जवळून मोजायचा आणि एक स्टॉप उघडायचं. माणूस गोरा असो की काळा, तळहातात फारसा फरक नसतो. हळद-मेंदी लागलेली नसली म्हणजे झालं.

माझ्याकडे घरचं कार्ड अंगणच आहे. शेणाने सारवलेलं, वाळलेलं अंगण माझ्या तळहातापेक्षा बरोबर एक स्टॉप खाली येतं, म्हणजे जवळजवळ मधला करडा. सकाळी सडा पडला की आणखी अर्धा खाली जातं. हे माझ्या अंगणाचं, तुमचं तुम्ही मोजा.

सदाशिव_नव्हे | बुधवार, सकाळी ११:१०

मस्करी केली पण धागा पूर्ण वाचतोय. खरा प्रश्न विचारतो. एवढं सगळं करण्यापेक्षा फोननेच एक फोटो काढायचा, तो बरा दिसला की तेच आकडे कॅमेऱ्यावर लावायचे, असं का नाही?

अंधारखोली | बुधवार, दुपारी २:४०

फोनच्या तयार फोटोवर विसंबू नका. तो आताशा एका दाबात कित्येक फोटो काढून जोडतो, सावल्या उचलतो, आभाळ दाबतो. पदराखालचा चेहरा त्यात स्वच्छ दिसेल आणि फिल्मवर नसेल. मीटरचं अ‍ॅप चित्राचा देखणेपणा बघत नाही. फोनचं अ‍ॅपर्चर बहुतेक ठरलेलंच असतं. त्या क्षणी फोनने किती आयएसओ आणि शटर धरलं ते अ‍ॅप वाचतं आणि तुमच्या रोलच्या हिशेबात बदलून देतं. ते गणित सरळ आहे. त्याला कुठे बघायला लावलं, एवढंच आपल्या हातात.

अ‍ॅप १/१२० किंवा एफ/४.८ असं काही म्हणालं तर गोंधळू नका, जवळचा आकडा लावा. आणखी जुन्या कॅमेऱ्यांवर १/२५, १/५०, १/१०० अशी वेगळीच रांग असते. तिथेही जवळचाच.

भिंगावर फिल्टर असेल तर फोनला तो माहीत नसतो. पिवळ्याला एक स्टॉप, नारिंगीला दोन, लालला तीन, हे स्वतः जोडायचं. मृगाचे ढग काढताना मी लाल फिल्टर लावला आणि तीन स्टॉप विसरले. पावसाळा परत वर्षाने आला.

लक्सकाका | बुधवार, संध्याकाळी ५:३०

रात्रीच्या फोटोंसाठी एक पुरवणी. लांब वेळेला फिल्म सुस्तावते. मीटरने दहा सेकंद सांगितले तर एचपी५ ला वीस द्यावे लागतात. कंपनीचं सूत्र आहे, मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात. तीस सेकंदांचे होतात ८६. हे बहुतेक अ‍ॅप आपणहून करत नाहीत.

आणि मीटर नसलं म्हणून खचू नये. १ नोव्हेंबर १९४१ ला न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर चंद्र उगवत होता, अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सला मीटर सापडेना, आणि स्मशानातल्या क्रुसांवरचं ऊन निघून चाललेलं. चंद्राची प्रखरता चौरस फुटाला २५० कँडल हे त्याला पाठ होतं. त्यावरून मनात हिशेब करून त्याने एकच निगेटिव्ह काढली. दुसरी काढेपर्यंत ऊन गेलं.

अकोल्याचा_गज्या | बुधवार, संध्याकाळी ६:०२

काका, आमाले पाढे पाठ नाही, चंद्राचे कँडल कुठून राहतील.

पऱ्हाटीवाला | पुढचा रविवार, रात्री १०:३०

दुसरा रोल धुतला. दोरीवर वाळतोय आणि मी खाली बसून लिहितोय.

या वेळी वही घेऊन गेलो. वेचणीच्या बायांत एक आजी आहेत, साठीच्या पुढच्या, त्यांना म्हटलं जवळ येऊन मोजू का? त्या म्हणाल्या, "काय मोजतं बाबू, वजन तं सांजच्याले होते." गालावर बोट ठेवून मोजलं, एफ/८ ला १/२५० आलं. ताईंनी न बघता सांगितलेला आकडा तोच! चेहरा आलाय. सुरकुत्यांसकट, कपाळावरच्या गोंदणासकट. मागचा कापूस जरा फटफटीत झालाय, पण तो प्रिंटमध्ये दाबता येईल असं वाटतंय.

ओसरीतला ढीग दोन स्टॉप उघडून काढला. या वेळी पांढरा. बोंडातली काडी-कचरा दिसतोय तेवढा पांढरा.

बैलजोडी मात्र नाही काढली. शेजाऱ्याने मोठं ट्रॅक्टर लावलं नांगराला, बैल गोठ्यात. त्यांचा फोटो आता पोळ्यालाच.

बारातले दहा धड आहेत. एक मी दोनदा दाबला, एकावर काकांचा अंगठा. काकांना निगेटिव्ह उजेडापुढे धरून दाखवली. जुन्या सवयीने त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "हे पाच नंबरचं पेन्सिलनं जरासं भरा लागीन, डोळ्याखाली." निगेटिव्हवर पेन्सिल चालवणं हे काय प्रकरण आहे ते आता शिकायचंय.

सावलीचं शास्त्रही त्यांनी शेवटी सांगितलं, मी लिहून घेतलं. धारदार सावली असली की १६. कडा मऊ झाली की ११. सावली आहे की नाही अशी झाली की ८. ढगाळ, सावलीच नाही, तर ५.६. झाडाखाली किंवा घराच्या सावलीत ४. शटर कायम रोलच्या आकड्याच्या जवळचं. त्या दिवशी मी दर वेळी आधी काकांना विचारायचो, मग फोन काढायचो. नऊ वेळा विचारलं. सात वेळा दोघांचा आकडा एकच, दोनदा एक स्टॉपचा फरक. त्या दोन्ही वेळी मी फोनचं ऐकलं, आणि त्यातला एक फोटो काकांच्याच आकड्याला बरा आला असता असं निगेटिव्ह पाहून वाटतंय. ते अजून त्यांना सांगितलेलं नाही.

झाडीपट्टीकर | पुढचा रविवार, रात्री ११:०५

सांगू नका. नाहीतर पुढच्या वेळी फोन घरीच ठेवा म्हणतीन.

ढगफुटी | सोमवार, सकाळी ८:५०

भिंगाला झाकण लावलं. फरक पण सापडला, फोनवर टफन ग्लासच्या खाली कॅमेऱ्यापाशी बोटांचे डाग होते! पुसल्यावर अर्ध्या स्टॉपवर आलं. लाज वाटली, पण सांगून टाकते.

पऱ्हाटीवाला | मे महिना, दुपारी ३:१५

धागा वर काढतोय. ४६ डिग्री आहे, बाहेर काढला की फोन पाच मिनिटांत पडदा अंधुक करतो आणि गरम झालो म्हणून रुसतो. मीटर वाचायलाच मिळत नाही. सध्या ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून नेतो, सावलीत मोजतो आणि भर उन्हासाठी काकांचा १६ लावतो. रोल माठाशेजारी डब्यात ठेवलेत.

अडचण धुण्याची आहे. नळाचं पाणी ३६ च्या खाली येत नाही, डेव्हलपरला हवं २०. बर्फ टाकला तर मध्येच गार, मध्येच गरम. काय करता तुम्ही लोक?

अंधारखोली | मे महिना, संध्याकाळी ७:४०

२० चा हट्ट सोडा. कूलरच्या टाकीत थर्मामीटर घाला. वाळ्याच्या ताट्यांवरून फिरून फिरून ते पाणी माझ्याकडे २४-२५ ला येऊन थांबतं आणि तासन्‌तास हलत नाही. डेव्हलपरच्या, फिक्सरच्या बाटल्या अन् धुण्याच्या पाण्याचं भांडं झाकणं घट्ट लावून त्याच टाकीत उभं करा, तासाभराने सगळं एका तापमानाला येतं. आयडी-११ डेव्हलपर पाण्यात एकास एक असेल तर २० ला १३ मिनिटं लागतात, २४ ला साधारण ९. पाच मिनिटांच्या खाली वेळ जाईल असं मिश्रण घेऊ नका, डाग पडतात. टाकीतलं पाणी डेव्हलपरमध्ये मात्र घालू नका, त्यात काय काय असतं ते देवाला ठाऊक.

अकोल्याचा_गज्या | मे महिना, संध्याकाळी ७:५८

अन् बायकोनं विचारलं कूलरमध्ये बाटल्या कायच्या, तं काय सांगाचं?

अंधारखोली | मे महिना, रात्री ८:१०

खोकल्याचं औषध.